बाबांची चिनी नदी

बाबांच्या शर्टाला संध्याकाळी अमोनियाचा वास यायचा. ते चिंचवडच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते, आणि ड्रॉइंगच्या प्रती काढायची खोली त्यांच्या टेबलाला लागूनच होती. प्रती काढायच्या यंत्रात अमोनिया वापरत. कंपनीच्या बसमधून उतरून ते घरी आले की आई दारातच म्हणायची, "अहो, आधी शर्ट," आणि ते शर्ट काढून गॅलरीतल्या दोरीवर टाकत, हातपाय धूत आणि मग चहाला बसत. मला तो वास आवडायचा, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आता ती यंत्रं कुठे राहिलेली नाहीत. मध्यंतरी एका दवाखान्यात फरशी पुसायच्या कुठल्याशा द्रावणाचा तसाच वास आला, आणि माझा नंबर पुकारला तेव्हा मला उठायला वेळ लागला.

आम्ही कोथरूडला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशा फ्लॅटमध्ये राहत होतो. सोसायटीतल्या सगळ्यांप्रमाणे आम्हीही गॅलरी बंद करून घेतली होती, आणि तिथे बाबांचा घरचा ड्रॉइंग बोर्ड होता. रविवारी ते त्यावर ओळखीच्यांच्या बंगल्यांचे नकाशे काढून देत. सकाळी आई थालीपीठ लावायची, त्याचा तव्यावरचा चुर्र आवाज आणि गॅलरीतून बोर्डावरच्या ड्राफ्टरचा, म्हणजे रेघा ओढायच्या पट्ट्यांचा, दांडा सरकल्याचा आवाज, असे दोन्ही एकदम ऐकू आले की मला जाग येत असे. बाबा काम करताना बोलत नसत, गुणगुणतही नसत. पेन्सिलीचं टोक सॅंडपेपरवर घासायचं, फुंकर मारायची, रेघ ओढायची. त्यांची रेघ सुरुवातीला आणि शेवटी किंचित ठळक असायची, म्हणजे ती कुठे संपते याबद्दल शंका राहू नये. मी पुढे आयुष्यभर आकड्यांचं काम केलं, विमा कंपनीत. बेरीज झाल्यावर खाली दोन रेघा ओढताना माझाही हात शेवटी किंचित दाबला जातो. संगणकावर त्याला काही अर्थ नाही, पण कागदावर मी अजून तसंच करते.

आमच्या घरात चीन आला तो बाबांच्या कंपनीत परदेशी भागीदार आल्यामुळे. त्या काळात पुण्यात बऱ्याच कंपन्यांत कोणी ना कोणी येत होतं. पाट्या बदलत होत्या, कॅंटीनमध्ये काटे-चमचे येत होते, आणि बाबांच्या ड्रॉइंग हॉलच्या एका कोपऱ्यात काचेची खोली बांधून तिच्यात संगणक ठेवले होते. खोली थंड असायची आणि आत जायला चपला बाहेर काढाव्या लागत. "देवळासारखं आहे सगळं," बाबा सांगायचे, "फक्त प्रसाद मिळत नाही." पंपांचे ओतीव भाग आता चीनमधून आणायचे ठरलं होतं. ते तिथे आपल्या ड्रॉइंगप्रमाणे होतात की नाही हे पाहायला दोघाजणांना पाठवायचं होतं, आणि त्यात बाबांचं नाव होतं. बाबांनी पासपोर्ट काढला. आईने मेतकूट केलं, लसणाची चटणी केली, आणि तुळशीबागेतून त्यांच्यासाठी एक राखाडी स्वेटर आणला. मग असं निघालं की ड्रॉइंग आता कागदावर जाणार नाहीत, फ्लॉपीवर जाणार, आणि तिथे बसून ती संगणकावर उघडता येणारा माणूस हवा. बाबांच्या जागी सरनाईक नावाचा तरुण इंजिनिअर गेला. बाबा घरी आले, शर्ट दोरीवर टाकला आणि आईला म्हणाले, "मेतकूट भात कर. इथेच संपवू."

सरनाईक मनानं चांगला मुलगा होता. परत आल्यावर एका संध्याकाळी तो मोटारसायकलवरून आमच्याकडे आला, आणि बाबांना पुठ्ठ्याची एक लांब नळी दिली. बाबांनी आधी नळी तपासली, कारण त्यांच्या मते आपल्याकडच्या नळ्यांची झाकणं निसटतात. हिचं निसटत नव्हतं. आत रेशमी कापड डकवलेली एक गुंडाळी होती, आणि तिच्यावर एका जुन्या चिनी चित्राची छापील नक्कल होती. एका प्रचंड नदीचं चित्र. मूळ चित्र कित्येक शतकांपूर्वीचं, ते तिथल्या संग्रहालयात आहे, असं सरनाईक म्हणाला.

"आणि खरी नदी?" बाबांनी विचारलं. "ती पाहिलीत का?"

"नाही हो काका. फाउंड्रीतून हॉटेल, हॉटेलातून फाउंड्री. एका रविवारी संग्रहालय दाखवलं, तेवढंच."

"म्हणजे तुम्हीही नाही आणि मीही नाही. बरोबरी झाली," बाबा म्हणाले. सरनाईक हसला, पण मान खाली घालून. जाताना तो सांगून गेला की ते लोक ही गुंडाळी अशी पूर्ण पसरत नाहीत. टेबलावर ठेवून उजवीकडून हातभर उघडायची, तेवढं पाहायचं, आणि डावीकडचं उलगडता उलगडता उजवीकडचं गुंडाळत जायचं.

"म्हणजे पूर्ण कधी बघतच नाहीत?" बाबांनी विचारलं.

"असं गाईड म्हणाला."

त्याची मोटारसायकल फाटकाबाहेर जाते न जाते तोच बाबांनी ती गुंडाळी जमिनीवर पूर्ण पसरली. अर्धं ड्रॉइंग बघून कोणी सही करत नाही, हे त्यांचं म्हणणं. पण ती आमच्या बाहेरच्या खोलीत मावेना. सोफा भिंतीला लावला, टीपॉय आतल्या खोलीत नेलं, तरी शेवटची हातभर नदी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चढली. आई तिथे भाकरी थापत होती. "तुमचा चीन माझ्या ओट्यापर्यंत आणू नका," ती म्हणाली, "पीठ सांडेल." कडा वर येऊ नयेत म्हणून मी चारी बाजूंनी वाट्या आणि पोळपाट ठेवला, आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून ती नदी पाहिली.

ती कशी होती हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन्ही बाजूंना काळ्या शाईचे उभे कडे, इतके उंच की काहींचे माथे कागदात मावत नव्हते. कड्यांवर रेघांचं दाट जाळं, कुठे कुऱ्हाडीनं छाटल्यासारखं, कुठे सुतळी उसवल्यासारखं. मध्ये घळ, घळीतून उसळत येणारा प्रवाह, आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी एक नाव. नाव दोरांनी ओढणारी माणसं कड्यातल्या अरुंद वाटेवर पुढे वाकलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यापुढे धबधबा, मग एक लाकडी पूल, त्यावर काठी घेतलेला म्हातारा. मग धुकं. आणि धुकं म्हणजे नुसता कोरा कागद. पुढे नदी रुंद होत होती आणि तिथे पाणी म्हणून काहीच काढलेलं नव्हतं. दोन होड्या आणि मध्ये कोरं. तरी तिथे पाणी होतं यात शंका नव्हती. मी त्याआधी नदी म्हणून जी पाहिली होती ती मुठा, डेक्कनच्या पुलावरून बसच्या खिडकीतून, पात्रात लावलेल्या गाड्यांच्या शेजारून जाणारी. त्या कागदाकडे पाहताना मला कुठेतरी जावंसं वाटू लागलं. कुठे ते कळत नव्हतं. ते वाटणं या वयातही पूर्ण गेलेलं नाही. एवढंच झालं आहे की आता त्याची सवय आहे.

बाबांना वेगळंच वाटत होतं. ते उठले, गॅलरीतून स्टीलची पट्टी आणि भिंग घेऊन आले. "याचं प्रमाण काय?" ते म्हणाले.

ज्यांनी ड्राफ्ट्समन माणसाबरोबर दिवस काढलेले नाहीत त्यांना हा प्रश्न विचित्र वाटेल. पण बाबांच्या कामात प्रमाण लिहिल्याशिवाय कागद टेबलावरून उठत नसे. चित्रात प्रमाण दिलेलं नाही, मग ते काढायला हवं. त्यांनी नावेतल्या नावाड्याची उंची मोजली, तो साधारण माणसाएवढा धरला, आणि त्यावरून मागच्या कड्याची उंची काढली. ती पर्वतीच्या टेकडीपेक्षा कमी भरली. मग त्यांनी पुलावरच्या म्हाताऱ्यावरून त्याच कड्याची उंची काढली, तर तो सिंहगडापेक्षा उंच निघाला. बाबांनी दोन्ही आकडे पुन्हा काढले. मग मला काढायला लावले. माझेही तेच आले.

"म्हाताऱ्याला चुकून लहान काढलाय," ते म्हणाले.

"किंवा नावाड्याला मोठा," मी म्हणाले.

"दोन्हीपैकी एक चूक आहे एवढं नक्की." आणि त्यांनी ठरवलं की ही चूक शोधायची. पुढचे कित्येक रविवार बंगल्यांची कामं बाजूला पडली. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर बारीक चौकटी आखून तो चित्रावर ठेवला, आणि कड्यांच्या सगळ्या रेषा लांबवून दूर जाणारे रूळ मिळताना दिसतात तशा त्या मागे कुठे एका बिंदूत मिळतात का ते पाहिलं. कुठेच मिळत नव्हत्या. त्यांनी वरून दिसेल तसा त्या घळीचा नकाशा काढायचा प्रयत्न केला, पण नदी धुक्यात शिरली की पुढे ती डावीकडे वळते की उजवीकडे हे सांगायला काहीच नव्हतं. आई जेवायला हाका मारून दमायची. "अहो, आमटी गार झाली. ते चिनी लोक जेवून बसले असतील आत्तापर्यंत." बाबा येऊन बसत, पण कालवताना त्यांचं लक्ष भातावर नसायचं.

याच दिवसांत कंपनीत नोटीस लागली. पन्नाशीपुढच्या ड्राफ्ट्समननी अमुक तारखेपर्यंत संगणकावर ड्रॉइंग करायला शिकून चाचणी द्यायची. जे देणार नाहीत किंवा ज्यांना जमणार नाही त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घर चालेल असा दुसरा पगार नव्हता. हॉलमधल्या बऱ्याच जणांनी निवृत्तीचं ठरवलं होतं. बाबा त्याबद्दल घरी काही बोलले नाहीत. आईला शेजारच्या काकूंकडून कळलं, कारण त्यांचे यजमान त्याच कंपनीत होते. तेव्हा ती संतापली नाही. तिने फक्त बाबांच्या ताटात दुसरी पोळी वाढता वाढता विचारलं, "मग शिकणार आहात की घरी बसून नदी मोजणार आहात?"

"त्या पोरांकडून शिकायचं?" बाबा म्हणाले. "मी काढलेली ड्रॉइंग बघून ती पोरं ड्रॉइंग वाचायला शिकली. आता तीच मला रेघ कशी ओढायची ते सांगणार. आणि रेघ ओढायची म्हणजे काय, दोन टोकांवर टिचक्या मारायच्या. मधलं तो डबा भरतो."

"वैजू शिकवेल," आई म्हणाली.

मी त्या वर्षी कर्वे रस्त्यावरच्या एका संगणकाच्या क्लासमध्ये अर्धवेळ शिकवत होते. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर तिथे होतं, आणि मला जेमतेम येत होतं. क्लासच्या मालकांनी सकाळी, मुलं यायच्या आधी, एक संगणक वापरायला दिला. बाबा पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, "बोला मॅडम."

सॉफ्टवेअरचे आदेश त्यांना लवकर पाठ झाले. पाठांतर त्यांचं चांगलं होतं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. बोर्डावर पूर्ण कागद कायम डोळ्यांसमोर असतो. हात एका कोपऱ्यात काम करत असला तरी नजरेच्या कडेला बाकीचं ड्रॉइंग शिल्लक असतं. पडद्यावर तसं नाही. बारीक भाग नीट दिसावा म्हणून तो मोठा केला की उरलेलं पडद्याबाहेर जातं, आणि पूर्ण दिसावं म्हणून लहान केलं की रेघा एकमेकींत मिसळतात. बाबा बोल्टाचं छिद्र मोठं करून पाहायचे, आणि तिथून पुढे त्यांना आपण कुठे आहोत हेच कळेनासं व्हायचं.

"गेलं. ड्रॉइंग गेलं."

"गेलं नाही बाबा. बाजूला आहे."

"बाजूला म्हणजे कुठे? टेबलाखाली?"

रोज असंच. ते दर दोन मिनिटांनी सगळं लहान करून पूर्ण चित्र पाहत, मग पुन्हा मोठं करत, पुन्हा हरवत. एका पंपाच्या कवचाचा छेद, म्हणजे ते मधून कापलं तर कसं दिसेल ते, काढायला बोर्डावर त्यांना जेवढा वेळ लागे त्याच्या कितीतरी पट इथे लागत होता. चाचणीला वेळ ठरलेला होता. एकदा त्यांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्या हाताच्या मधल्या बोटाला पेन्सिलीनं पडलेला घट्टा होता. "वैजू," ते म्हणाले, "मला जमणार नाही असं दिसतंय. तू आईला इतक्यात सांगू नकोस." बाबांना एखादी गोष्ट जमणार नाही असं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. बाहेर रस्त्यावर शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या होत्या आणि क्लासची मुलं जिन्यात आली होती. मी संगणक बंद केला. 

आईला मी सांगितलं नाही. पण तिने त्याच आठवड्यात रविवारी खडकवासल्याला जायचं काढलं. डबे भरले, त्यांत तिखटमिठाच्या पुऱ्या, कैरीचं लोणचं, दहीबुत्ती. बाबांनी निघताना सदऱ्याच्या खिशात पेन्सिल टाकली. त्यांना पाण्यापलीकडचे डोंगर पाहून लांबचं खरं किती लहान दिसतं ते मोजायचं होतं, म्हणजे त्या चिनी माणसाची चूक पकडता येईल. आम्ही धरणाच्या भिंतीच्या गर्दीपासून दूर, पाण्याच्या कडेनं जाणारी एक पायवाट धरली. बाबा एका दगडावर उभे राहिले, हात ताठ पुढे केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत समोरचा डोंगर मोजू लागले. मी वहीत आकडे लिहून घेत होते. आई पिशवी घेऊन पुढे निघाली.

बाबा मोजत होते आणि आई लहान होत चालली होती. "बघ," ते मला म्हणाले, "आता ही एवढी. त्या झाडापाशी गेली की याच्या निम्मी होईल. हे खरं. आणि तो पुलावरचा म्हातारा बघ, त्याच्या मागचा डोंगर..." तेवढ्यात आई वळणावरून ओरडली, "अहो, येताय की नाही? इथून वेगळंच दिसतंय." आम्ही गेलो. तिथून समोरच्या डोंगरामागे दुसरा डोंगर निघाला होता आणि पाण्याचा एक फाटा आत शिरलेला दिसत होता. मघाच्या दगडावरून तो दिसतच नव्हता. बाबांनी पुन्हा हात पुढे केला.

"तुम्ही एका जागी का उभे राहता?" आईने विचारलं.

"एका जागी उभं राहिल्याशिवाय मोजणार कसं?"

"पण तो चित्रवाला उभा नाहीये," आई म्हणाली. "तो चाललाय. नावेपाशी होता तेव्हा त्यानं नाव पाहिली. पुलापाशी पोचला तेव्हा म्हातारा पाहिला. त्याला मागचं कशाला मोजायचं? तो तिथून येऊन गेलाय." मग तिने रुमालानं दगड झटकला, त्यावर बसली आणि डबा उघडला. "पुऱ्या मऊ पडतील."

बाबांनी पेन्सिल खिशात टाकली. त्यांनी पुरी घेतली. खाताना ते पाण्याच्या त्या आत शिरलेल्या फाट्याकडे पाहत होते. परतताना ते पुढे चालले, आई मागे, आणि बाबांनी पेन्सिल खिशातून काढली नाही. घरी आल्यावर त्यांनी गुंडाळी टेबलावर ठेवली, उजवीकडून हातभर उघडली, पाहिलं, मग डावीकडून थोडं उलगडलं आणि उजवीकडून तेवढंच गुंडाळलं. पट्टी आणि भिंग गॅलरीतच होतं. ते कुणाला न बोलावता त्या नदीतून शेवटपर्यंत गेले. मला दारातून त्यांची पाठ दिसत होती. त्या पाठीकडे पाहताना मला वाटलं की हे आता आपल्या घरात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासमध्ये ते खुर्चीवर बसले, छेदाचं ड्रॉइंग उघडलं आणि वरचा डावा कोपरा मोठा केला. मी वाट पाहत होते की आता ते लहान करून पूर्ण पाहतील. त्यांनी पाहिलं नाही. त्या कोपऱ्यातलं काम संपवलं आणि पडदा तसाच, मोठा ठेवूनच, बाजूला सरकवला. पुढचा भाग आला. तो संपवला, पुन्हा सरकवला. उजवा हात माउसवर होता, आणि डावा हात टेबलाच्या कडेला काहीतरी गुंडाळल्यासारखा हलत होता. ते त्यांचं त्यांना कळत नसावं. शेवटच्या बोल्टाशी पोचल्यावर ते म्हणाले, "मागचं आहे ना तिथेच?"

"आहे बाबा."

"असू दे."

चाचणी त्यांनी ठरलेल्या वेळात पूर्ण केली. संध्याकाळी आले, शर्ट दोरीवर टाकला आणि आईला म्हणाले, "जमलं." आईने शिरा केला. तो खाताना बाबांनी सांगितलं की हॉलमधले बोर्ड पुढच्या आठवड्यात भंगारात जाणार आहेत, घरच्या बोर्डालाही एक गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे, आणि त्यांच्या शेजारी इतकी वर्षं बसणाऱ्या शेडग्यांनी निवृत्ती घेतली. शेडगे जाताना आपलं कंपासपेटीतलं शाईनं रेघा ओढायचं पेन बाबांच्या टेबलावर ठेवून गेले होते. त्याखाली चिठ्ठी वगैरे काही नव्हती. बाबांनी शिऱ्याची वाटी संपवली नाही. आम्ही ज्याची काळजी करत होतो ते टळलं होतं, आणि घरात कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं. याचा हिशेब मला तेव्हा लागला नाही. आता थोडा लागतो. आपल्याला जे येत होतं त्याची जगाला गरज उरलेली नाही, हे कळूनही माणूस दुसरं काही शिकतो आणि घर चालवतो. त्याला त्याबद्दल शाबासकी मिळते, पण पहिलं परत मिळत नाही.

त्या रविवारी बाबा गॅलरीत बसले. हातानं काढलेलं त्यांचं ते शेवटचं ड्रॉइंग. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी पडद्यावरच काम केलं, चांगलं केलं, आणि निवृत्तीनंतर माझ्या मुलाला साधा हत्ती काढून द्यायलाही ते तयार नसत. "आता हात बसणार नाही," म्हणायचे. पण त्या दिवशी त्यांनी ट्रेसिंग पेपरची एक लांब पट्टी कापली आणि शाईनं नदी काढायला घेतली. चौकटी नाहीत, बिंदू नाही. ती चित्रातली चिनी नदी नव्हती आणि खडकवासलाही नव्हता. कड्यांवरची छटा मात्र ओतीव लोखंडाच्या छेदावर मारतात तशी तिरप्या रेघांची होती, दुसरी त्यांना येतच नव्हती. पाण्याची जागा त्यांनी कोरी सोडली. बोर्डावर वाकून ते पट्टी थोडी थोडी सरकवत होते आणि काढलेला भाग गुंडाळत होते. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच राहिला. आईनंही जेवायला हाक मारली नाही.

संध्याकाळी त्यांनी खालच्या उजव्या कोपऱ्यात, सवयीनं, नावाची चौकट आखली. कंपनीत प्रत्येक ड्रॉइंगवर ती असते. काढणारा कोण, तपासणारा कोण, प्रमाण काय, यासाठी तिच्यात छोटी घरं असतात. स्वतःचं ड्रॉइंग स्वतः तपासायचं नाही हा तिथला नियम, कितीही अनुभवी माणूस असला तरी. काढणाऱ्याच्या घरात बाबांनी सही केली. प्रमाणाच्या घरात आडवी रेघ मारली. मग आतल्या खोलीत आले आणि कागद आईच्या हातात दिला. "तपास," म्हणाले.

आई मेथी निवडत होती. तिने हात पुसले, पलंगावर बसली आणि कागद हातभर उघडून पाहू लागली. ती थट्टा करील असं मला वाटलं होतं. तिने केली नाही. तिचं बोट शाईला न लागता नदीच्या कडेकडेनं जात होतं. बऱ्याच वेळानं ते एका जागी थांबलं, जिथे कडा सरळ पाण्यात उतरला होता.

"इथे पायऱ्या नाहीत," ती म्हणाली.

"कशाला पायऱ्या?"

"बायका उतरणार कशा? घागर कुठे टेकवणार?"

बाबांनी कागद परत नेला. ट्रेसिंगवर शाईची रेघ खोडरबरानं जात नाही, दाढीच्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडावी लागते, तशी त्यांनी कड्याची एक बाजू खरवडली आणि तिथे पायऱ्या काढल्या. वर अरुंद, खाली पाण्यापाशी रुंद होत गेलेल्या. "किती?" त्यांनी गॅलरीतून विचारलं. "शेवटच्या तीन पाण्यात असतात," आईने इथून सांगितलं, "त्या दिसल्या नाहीत तरी चालेल." आईचं माहेर कृष्णाकाठचं. तिचे आईवडील गेल्यावर भावांनी ते घर काढून टाकलं होतं, आणि त्यानंतर ती तिकडे गेली नव्हती, त्याबद्दल बोलतही नसे.

बाबा कागद घेऊन आले आणि पेन तिच्या हातात दिलं. तपासणाऱ्याच्या घरात तिने सही केली. तिची बँकेतली सही मला पाठ होती, ही ती नव्हती. तिने लग्नाआधीचं नाव लिहिलं होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, शाळेत लिहितात तशा गोल अक्षरांत. बाबांनी चष्मा सरळ केला आणि ते वाचलं.

"बरोबर आहे?" आईने विचारलं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातांत तसाच आडवा धरून उभे राहिले.